जुन्या घराच्या सात तुळया

पत्र : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका शिक्षिकेने लिहिलं आहे. त्यांच्या सासरचं मातीचं, कवेलूचं घर गेल्या दिवाळीनंतर उतरवलं. त्याच जागेवर आता स्लॅबचं घर उभं राहतंय. खाली बैठक, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर माडीवर 12 बाय 12 फुटांची एक खोली. जुन्या घरातून सागवानाच्या 7 तुळया निघाल्या, प्रत्येकी साधारण 10 फूट लांब आणि 6 बाय 8 इंच जाडीच्या. मधल्या तुळईवर कमळं कोरलेली आहेत. ठेकेदार म्हणतो, हे आता जळतनाच्या कामाचं. जुन्या लाकडाचा एक व्यापारी सगळ्या तुळयांची एकगठ्ठा रक्कम द्यायला तयार आहे. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला घरभर लाकडी जमीन हवी आहे, त्यासाठी तो तुळया विकून लॅमिनेट टाकू म्हणतो. दिरांचं म्हणणं, धुऱ्यावरचे (शेताच्या बांधावरचे) 18 वर्षांचे सागवान तोडू, घरचं लाकूड घरातच लागेल. 76 वर्षांच्या सासूबाई अजून काही बोललेल्या नाहीत. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "जमिनीसाठी सर्वांत चांगलं लाकूड कोणतं, तेवढं सांगा. म्हणजे घरातला वाद मिटेल."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही लाकडाची जात विचारली आहे, पण मी सागवान म्हटलं काय आणि बिजा म्हटलं काय, तुमच्या घरातला वाद तिथेच राहील. मुलाला घरभर हवंय, दिरांना शेतातलं हवंय, आणि तुमचा जीव त्या तुळयांमध्ये अडकला आहे, हे तुमच्या अक्षरातून कळतं. म्हणून मी आधी कोणती खोली ते विचारते, मग लाकूड किती वाळलंय ते. जात त्यानंतर.

आपल्या भागात लाकूड दरवर्षी दोन टोकं पाहतं. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, ओला टॉवेल दोरीवर टाकला तर बघता बघता कडक होतो. ऑगस्टमध्ये त्याच घरात मिठाला पाणी सुटतं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि तसं ते फुगतं, आटतं. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत दिसतो. सागवान या बाबतीत बऱ्याच लाकडांपेक्षा शांत. तरीही उन्हाळा ते पावसाळा एवढ्या फेऱ्यात सागाची 4 इंची फळी ढोबळ मानाने 1 ते दीड मिलिमीटर कमीजास्त होते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण 10 फूट रुंद खोलीत अशा 30 फळ्या बसतात, म्हणजे सगळी जमीन मिळून 3 ते साडेचार सेंटिमीटर हलू पाहते. ओलं लाकूड बसवलं तर उन्हाळ्यात फटी पडतात. कोरडं लाकूड भिंतीला भिडवून घट्ट बसवलं तर पावसाळ्यात फळ्या मधोमध उचलल्या जातात.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगते. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही माडीवर सागवानी फळ्या टाकल्या. आरामशीनवाल्याने वाळलेलं लाकूड म्हणून दिलं आणि आम्ही मानलं, कारण वास्तुशांतीची तारीख ठरलेली होती. आमच्या वाढईने एका फळीवर रंधा मारला, निघालेली पातळ साल माझ्या हातावर ठेवली आणि चुरडायला सांगितली. ती तुटेना, नुसती चामड्यासारखी वळत होती. तो म्हणाला, "हे अजून ओलं हाये बाई. दोन उन्हाळे खाऊ द्या याले." आम्ही त्याचं ऐकलं नाही. पुढच्या मे महिन्यात सासूबाई त्या खोलीत ज्वारी निवडायला बसल्या, तेव्हा दाणे फटींमध्ये जाऊन बसायला लागले. सुपातलं धान्य बाजूला ठेवून त्या सुईने एकेक दाणा काढत होत्या, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. लाकूड उत्तम होतं, अस्सल जंगलचा साग होता. फक्त आम्हाला घाई होती.

आता तुमच्या खालच्या खोल्यांबद्दल. तिथे लाकूड घालू नका, असं मी स्पष्ट सांगेन. तुमच्या गावची जमीन काळी आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायव्यात मुरूम भरला तरी जोत्यातून ओल वर चढतेच, आणि ओल असली की मागोमाग उधई, म्हणजे वाळवी, येते. शिवाय दुसरी एक गोष्ट मुलाच्या लक्षात आली नसेल. लाकडी जमीन पायाला ऊबदार लागते, कारण लाकूड पायातली उष्णता ओढून घेत नाही. डोंगरात, थंडीच्या मुलखात हा त्याचा गुण आहे. आपल्याला मे महिन्याच्या दुपारी जमिनीवर नुसती चटई टाकून पडायचं असतं, तिथे शहाबादी किंवा कोटा फरशीसारखं सुख नाही. जुनी माणसं लाकूड कुठे लावायचं ते बरोबर ओळखून होती. 1936 मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, तिथली बापू कुटी तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिली असेल. लाकूड-बांबू छपराला आणि खांबांना, पायाखाली सारवलेली जमीन. तुमचं जुनं घरही तसंच असणार.

आणि कूलर. विदर्भात लाकडी जमिनीचा विचार करताना कूलर विसरून चालतच नाही. बाहेर हवा रखरखीत कोरडी असताना कूलरची खोली दमट असते, शेजारची खोली कोरडी, आणि कूलर बंद केल्यावर तीही पुन्हा कोरडी. म्हणजे दोन ऋतूंमधला फेरा लाकडाला एका दिवसात घडतो. त्यात कूलरच्या खाली पाणी ठिबकतं ते वेगळंच. खालच्या बैठकीत कूलर लागणारच आहे. वरच्या खोलीतही लागणार असेल तर खिडकीखाली दोन फूट रुंदीची फरशीची पट्टी आधीच धरून ठेवा, आणि लाकूड तिच्यापासून सुरू करा.

राहिली माडीवरची खोली. लाकूड तिथेच शोभेल आणि टिकेलही. जमिनीची ओल तिथे पोहोचत नाही, चुलीचा-मोरीचा संबंध नाही, चिखलाचे पाय वर येत नाहीत. आणि हिशेबही जुळतो. तुमची एक तुळई साधारण 3.33 घनफूट भरते, 7 मिळून 23 घनफूटांच्या थोडं वर. मातीच्या भिंतीत गाडलेली टोकं बहुतेक वेळा उधईने पोखरलेली असतात, म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक फूट कापून टाका. उरलं साधारण साडेअठरा घनफूट. चिरताना, रंधताना आणि खिळ्यांची भोकं टाळताना त्यातलं निम्मं तरी जातं. हातात राहिलं 9 घनफूट आणि वर थोडं. 12 बाय 12 च्या खोलीला पाऊण इंच जाडीच्या फळ्या टाकायला बरोबर 9 घनफूट लागतं. म्हणजे तुमच्या तुळयांमध्ये एक खोली होते, आणि ती खोली तुमच्याकडे आहे.

ठेकेदाराचं जळतनाचं बोलणं मनावर घेऊ नका. वरून काळी, धुराने माखलेली तुळई आतून कशी आहे हे रंध्याचे दोन हात मारल्याशिवाय कुणालाच कळत नाही. टोकापासून दीड फुटावर कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, ठोकून बघा. भरीव, खणखणीत आवाज आला तर लाकूड शाबूत. बद्द, पोकळ आवाज आला तर आत उधईची माती असेल. व्यापारी एकगठ्ठा रक्कम देतोय म्हणजे त्याने हे ठोकून आधीच पाहिलेलं असणार. आरामशीनवर न्यायच्या आधी चुंबक फिरवून एकेक खिळा काढून घ्या. एक विसरलेला खिळा आऱ्याचं पातं तोडतो, आणि मग मशीनवाला जुनं लाकूड चिरायलाच नकार देतो.

तुळया कित्येक वर्षं छपराखाली होत्या, तेव्हा त्या वाळलेल्या आहेतच. पण 8 इंच जाड लाकूड आतून आणि बाहेरून सारखं नसतं. चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, वरून वजन देऊन रचून ठेवा. थप्पीतला एक तुकडा किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर 15 दिवसांनी तोलून वजन वहीत लिहून ठेवा. दोन-तीन वेळा वजन तेच आलं की लाकूड तुमच्या घराच्या हवेशी जुळलं असं समजा. मॉइश्चर मीटर मिळालं तर सोपंच, 8 ते 12 टक्क्यांच्या दरम्यान आकडा आला की काम सुरू करता येतं. ताज्या, नुकत्या तोडलेल्या लाकडाला मात्र इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब धरावा.

म्हणूनच दिरांच्या म्हणण्याबद्दल जरा थांबून बोलते. धुऱ्यावरचा साग तोडायला त्यांचं मन तयार झालं, त्यामागे घराविषयीची माया आहे. पण आपल्याकडे सागवान म्हटलं की बल्लारशा-आलापल्लीचं जंगल डोळ्यांसमोर येतं. 2023 मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहून सागवान गेलं, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. ते लाकूड जुन्या, भरल्या गाभ्याच्या झाडांचं. उधईला सहजी दाद न देणारा तो तपकिरी, तेलकट गाभा वयाने भरत जातो. 18 वर्षांच्या, शेतात पाण्याखताने झपाट्याने वाढलेल्या झाडात पांढरा भाग खूप आणि गाभा कमी असतो. पांढरा भाग सागाचाच असला तरी उधई आणि भुंगे तो खातात. फळीच्या कडेला पांढरी पट्टी ठेवून "सागवान आहे, काही होत नाही" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय स्वतःच्या शेतातला साग असला तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 मध्ये तो अनुसूचित झाडांत आहे. तोडायला परवानगी लागते आणि गावाबाहेर आरामशीनवर न्यायचा तर वाहतूक परवाना. ती झाडं अजून 20 वर्षं उभी राहू द्या. तुमच्या नातवंडांच्या वेळी ती खरी कामाची होतील.

तुमच्यासारखं पत्र लिहिणाऱ्या, पण ज्यांच्याकडे तुळया नाहीत अशांसाठी इतर लाकडांबद्दल सांगते. येन (काही लोक ऐन म्हणतात) सागापेक्षा जड आणि कठीण. खाटेचे पाय ओढले तरी त्याच्यावर सहज ओरखडा उठत नाही, गडद रेघाही सुंदर दिसतात. पण वाळताना ते टोकांना फाटतं, पिळतं. वाळवण्याची घाई केली की हमखास बिघडतं. सावलीत सावकाश वाळवायला जागा आणि सबुरी असेल तरच त्याच्या वाटेला जा. बिजा टिकाऊ आणि देखणा. त्याचा पेला पाण्याने भरला की पाणी रंग धरतं हे आपण लहानपणापासून पाहिलंय, आणि जमिनीतही तो तेच करतो. ओल लागली की पिवळसर डाग सोडतो. शिवाय तो आता रानात कमी होत चाललाय. माझा जीव त्याला जमिनीत घालायला धजत नाही. हळदू बारीक पोताचा आणि मऊसूत पिवळा. वरच्या, कोरड्या खोलीत चालेल, ओलीत नाही. बाभूळ म्हणजे बैलगाडीच्या चाकाचं लाकूड, कठीणपणात कुणाला ऐकत नाही, पण लांब सरळ फळी तिच्यात निघत नाही. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण आंबा नरम आहे आणि किडीला फार आवडतो. खोक्यांना ठीक, जमिनीला नको.

विकत घ्यायचंच असेल तर बल्लारशा, आलापल्ली, परतवाडा इथे वन विभागाच्या लाकडाचे लिलाव होतात, आणि तिथून माल उचललेल्या आरामशीनवाल्याकडे कागद असतात. बिल आणि वाहतूक परवाना मागायला संकोच करू नका. दुकानात "बर्मा", "आफ्रिकन" अशी नावं ऐकवतात. नावापेक्षा फळीचं टोक बघा, पांढरा भाग किती आहे ते बघा, वजन हातात घेऊन बघा.

मुलाच्या लॅमिनेटबद्दल त्याच्याशी शांतपणे बोला. पुण्यात तो जे पाहतो ते बहुतेक ठिकाणी लाकूड नसतंच. दाबलेल्या भुश्याच्या पाटीवर लाकडाचं छापील चित्र आणि त्यावर कडक थर, असा तो प्रकार. स्वस्त, लवकर बसणारा, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ठीक. पण सांध्यातून पाणी आत गेलं की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत, रंधाही मारता येत नाही. तुमच्या घरी रोज ओल्या फडक्याने जमीन पुसली जाणार, आणि ती पुसणार कोण, हेही त्याला विचारा. त्याला लाकडाचा रंगच हवा असेल तर खाली लाकडासारख्या रेघांच्या लांबट टाइल्स मिळतात. पाणी, उधई, कूलर, कशाचाच त्यांना त्रास नाही. मला स्वतःला खऱ्या फरशीशेजारी त्या परक्या वाटतात, पण ही आवड ज्याची त्याची. खरं लाकूड हवं आणि तुळया नाहीत, अशांनी प्लायवर खऱ्या लाकडाचा थर दिलेली फळी बघावी. आतले थर आडवे-उभे असल्याने ती कमी हलते, मात्र वरचा थर पातळ असल्याने घासून नवी करायची संधी एकदा-दोनदाच मिळते.

बसवण्याचा काळ नीट धरा. मे महिन्यात बसवाल तर पावसाळ्यात फुगेल, ऑगस्टमध्ये बसवाल तर उन्हाळ्यात फटी पडतील. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत आपली हवा मधली असते, तेव्हा बसवा. त्याआधी दोन-तीन आठवडे फळ्या त्याच खोलीत, खिडक्या रोजच्यासारख्या उघडझाप करत, पडून राहू द्या. स्लॅब आणि गिलावा पूर्ण वाळलाय का हे बघायला दोन फूट चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने स्लॅबवर लावून एक दिवस-रात्र ठेवा. खालून दव धरलं तर अजून थांबा. फळी 4 इंचांपेक्षा रुंद नको. रुंद फळी दिसायला ऐटदार, पण फटही तेवढीच मोठी. स्लॅबवर लाकडी पट्ट्या, त्यावर एकमेकींत खाच-जीभ बसणाऱ्या फळ्या, आणि प्रत्येक फळीला जिभेच्या बाजूनेच स्क्रू, म्हणजे दुसरी बाजू हलायला मोकळी. भिंतीपासून चारही बाजूंना अर्धा इंच जागा. वरून स्कर्टिंगची पट्टी लागली की ती दिसत नाही. सुतार म्हणेल, घट्ट बसवतो, छान दिसेल. तिथे तुम्ही उभ्या राहा.

वरून चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश की तेल? खेड्यातल्या घराला मी तेल सुचवीन. पीयूचा थर पुसायला सोपा, पण वाळूचे पाय फिरून ओरखडे पडले की सगळी खोली घासावी लागते. तेलाच्या जमिनीवर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावता येतं. आपल्याकडे जवस पिकतं, त्याचंच उकळलेलं तेल लाकडासाठी मिळतं. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा, वाळू द्या, मग दुसरा हात. एक गोष्ट कृपा करून पाळा. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी अंगणात एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. नंतर रोज झाडू आणि घट्ट पिळलेलं फडकं, एवढंच. बादली वर न्यायची नाही.

व्यापाऱ्याला आत्ता नाही म्हणा. तुळया उघड्यावर असतील तर पहिल्या पावसाआधी विटांवर एक फूट उंच करून, वर ताडपत्री आणि बाजू मोकळ्या, अशा ठेवा. जमिनीला टेकलेल्या तुळईत पावसाळ्यात ओल चढते आणि उधईला वाट मिळते.

सासूबाई बोलल्या नाहीत म्हणता. त्यांना खुर्ची देऊन तुळयांजवळ बसवा आणि कोणती तुळई कोणत्या खोलीवर होती ते विचारा. पाळणा कुठल्या तुळईला बांधला होता, हे त्यांनाच माहीत असेल. त्यातून कुठला तुकडा चिरायचा नाही हे ठरेल. कमळं कोरलेली तुळई मात्र मशीनवर पाठवू नका. फळ्यांमध्ये तूट पडलीच तर कूलरची फरशीची पट्टी ती भरून काढेल. त्या तुळईचा चांगला साडेतीन फुटांचा तुकडा कापून, नुसता कोमट पाण्याच्या फडक्याने धूर पुसून, माडीच्या खोलीच्या दारावर चौकटीच्या वरच्या बाजूला बसवा, कमळं बाहेर दिसतील अशी. उंबरठ्यात नको, पायाखाली झिजतील. सुताराला चौकटीचं माप आत्ताच सांगून ठेवा, कारण गवंडी पुढच्या महिन्यात तिथे काँक्रीटचं लिंटेल ओतायला निघेल, आणि मग जागा उरणार नाही.